आवाज उघडला का, पाव्हणं?

उसाचं बिल खात्यावर पडलं की राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातला माणूस साधारण दोनच गोष्टी करतो. सोसायटी भागवतो, नाहीतर ट्रॅक्टरला काहीतरी नवं बसवतो. आमचे दाजी यातलं काहीच करत नाहीत. दाजी अँप्लिफायर बदलतात.

बदलतात म्हणजे जुना बिघडतो म्हणून नव्हे. दाजींच्या घरात अँप्लिफायरला बिघडण्याइतकं आयुष्यच लाभत नाही. उन्हाळाभर तो 'नवा' असतो, पावसाळ्यात 'बरा' असतो, गणपतीत 'जरा दाबल्यासारखा' वाजू लागतो. ऊसतोडीची टोळी वावरात शिरली की त्याच्या 'मिडरेंजला दमच नाही' असं निदान होतं. हे निदान कानावर पडलं की आमची ताई स्वयंपाकघरातून म्हणते, "अजून पहिली मोळी कारखान्यावर गेली नाही. दम धरा."

नवा अँप आला की मला फोन येतो. "पाव्हणं, येऊन जा. काही नाही, सहज." मळ्यातल्या बंगल्यात हॉलच्या बरोबर मधोमध एक खुर्ची मांडलेली असते. तिचे चार पाय कुठं टेकायचे यासाठी फरशीवर खडूच्या खुणा आहेत आणि फरशी पुसताना त्या खुणा सोडून पुसायची, असा घरात नियम आहे. दोन स्पीकर आणि ती खुर्ची यांचा समभुज त्रिकोण. मी खुर्चीत बसतो. दाजी भीमसेन जोशींचे अभंग लावतात, पंखा बंद करतात (मे महिना असला तरी) आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. पहिलं ध्रुवपद संपायच्या आत प्रश्न येतो, "आवाज उघडला का?"

मला ऐकू येतात ते भीमसेन जोशी. गेल्या हंगामातही तेच ऐकू आले होते. पण पाहुण्यानं जेवणाआधी खरं बोलू नये एवढं मला कळतं. मी म्हणतो, "खालची बाजू भरीव झालीय." हे वाक्य मी कुठल्याही अँप्लिफायरला वापरतो आणि ते आजवर वाया गेलेलं नाही. दाजी खुलतात. "बघा! टाळ कसा सुटा झालाय. आधी मृदंगाच्या मागं लपत होता. पेटीच्या भात्याचा श्वास आइकू येतो का? तबलजीच्या बोटातली अंगठी आइकू येते, पाव्हणं, अंगठी!"

"अंगठी ऐकू येते," ताई पडद्याआडून म्हणते, "आणि मोटर बंद करा म्हणून मघापासून हाका मारतेय, त्या तेवढ्या येत नाहीत."

दाजींचा हा नाद आजचा नाही. ते नगरला कॉलेजात होते तेव्हा कॅसेटचा भर होता. (गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण दाजींच्या कॉलेजच्या आठवणी अजून नगरच्याच आहेत.) सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज ही नावं डॉक्टर-वकिलांच्या शोकेसमध्ये दिसायची. बाकीच्यांसाठी गल्लोगल्ली असेंबल डेक बनत. प्लायवूडचा खोका, दर्शनी बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी, गाण्याबरोबर नाचणारे लाल-हिरवे दिवे आणि ठसठशीत अक्षरांत '१००० वॅट पीएमपीओ'. हे पीएमपीओ नेमकं कसं मोजायचं याचा कुठलाही सर्वमान्य नियम नव्हता. बनवणाऱ्याच्या मनात येईल तो आकडा लिहायचा आणि त्याच्यापुढे ही चार अक्षरं लावायची. झाकण उघडून पाहावं तर आत ४४४०. म्हणजे सान्यो कंपनीची एलए ४४४० ही १४ पायांची आयसी. ती मुळात गाडीतल्या टेपसाठी बनवलेली. स्टिरिओत ती एका बाजूला साधारण ६ वॅट देते आणि ब्रिज करून एकच बाजू घेतली तर १९. एकोणीसाचे हजार करून दाखवण्याची ही विद्या पुढे आपल्याकडच्या काही पतसंस्थांनीही आत्मसात केली, पण तो वेगळा विषय आहे.

गंमत अशी की तो डेक वाजायचा. हळदीत, गणपतीत, सलूनमध्ये, उसाच्या रसाच्या गाड्यावर दणकून वाजायचा आणि ऐकणाऱ्याला आपल्याला वॅट कमी पडताहेत अशी शंका कधी आली नाही.

ही शंका दाजींना पुढे आली आणि ती फिटायला तयार नाही. त्यामुळे इथे थोडं गणित करावं लागेल. अँप्लिफायरचे वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो ३ डेसिबलनं वाढतो. ३ डेसिबल म्हणजे कान देऊन बसलेल्याच्या लक्षात येईल आणि भाजी निवडणारीच्या येणार नाही, एवढा फरक. आवाज कानाला दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट साधारण दहापट लागतात. दाजी ५० वॅटवरून १०० वर गेले तेव्हा एका खोडव्याचं बिल गेलं आणि पदरात ३ डेसिबल पडले. मला विचाराल तर त्या हॉलमध्ये पंखा बंद केल्यावर जो फरक पडतो तो याहून मोठा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत, फक्त घाम पडतो.

बरं, हे १०० वॅट जातात कुठं? घरातला बरा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. आपण बोलतो ते ६० च्या आसपास. म्हणजे भीमसेन जोशी आपल्या पूर्ण ताकदीनिशी एखाद-दोन वॅटमध्ये आरामात मावतात. मृदंगावर थाप पडते त्या क्षणापुरती दहा-वीस वॅटची मागणी होते, नाही असं नाही. बाकीचे वॅट हजेरीपटावर सही करून आत बसून असतात.

मांडवात मात्र हिशेब उलटा आहे. तिथं चौक भरायचा असतो, लोकांच्या छातीत दणका बसवायचा असतो आणि वॅट कमी पडले की अँप्लिफायर लाटेचे शेंडे छाटायला लागतो. आवाज फाटतो म्हणतात तो इथंच, आणि त्या फाटक्या आवाजानं पहिला बळी जातो तो ट्वीटरचा. मिरवणुकीतला डीजेवाला दरवर्षी अँप वाढवतो त्यात निदान तर्क आहे. कायदा नाही, पण तर्क आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. विसर्जनाच्या दिवशी माळीवाड्यात ती पाळायची ठरवली तर नुसत्या 'मोरया'नंच ती ओलांडली जाईल.

दाजींना जमिनीवर आणण्याचा पहिला गंभीर प्रयत्न चाचांनी केला. जुन्या नगरात, कापडबाजाराच्या मागल्या बोळात चाचांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, आणि त्या टेबलाभोवती रचलेल्या, पोटं उघडी पडलेल्या टेपा-रेडिओंमुळे उरलेली माणूसभर जागा. रोझिनचा वास, जळक्या रेझिस्टरचा वास आणि तिसऱ्या नंबरला चहाचा. दाजी एकदा 'खलास झाला' म्हणून एक अँप तिथं विकायला घेऊन गेले. मी बरोबर होतो. चाचांनी तो सुरू केला. घूंऽऽ असा आवाज आला. गाणं लावलेलंच नव्हतं.

चाचांनी झाकण काढलं, फुंकर मारली, आतून एक मेलेली पाल बाजूला ठेवली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या उलट्या टोकानं दोन मोठ्या कंडेन्सरांच्या डोक्यावर टकटक केलं. दोघांची डोकी वर फुगलेली. "लाइट येते ती हालत येते," चाचा म्हणाले, "सेकंदाला ५० हेलकावे. तिला सरळ करायचं काम ह्यांचं. हे वाळले. आता घूं नाही करणार तर काय करणार?" मग व्हॉल्यूमचं बटण फिरवलं. खर्रर्र. त्याच्या भोकात स्प्रेची नळी घालून त्यांनी एक फवारा मारला, बटण मागंपुढं घोळवलं, कंडेन्सर काढून दुसरे बसवले, सोल्डरचा धूर डोळ्यांत गेला म्हणून मान वळवली, आणि वायर लावली. अँप बोलू लागला. घूं नाही, खरखर नाही. नव्यासारखा नव्हे, नवाच.

चाचांनी जे पैसे सांगितले ते इतके कमी होते की दाजींचा चेहरा पडला. एवढ्या स्वस्तात सुधारलेला आवाज त्यांच्या कानाला गोड लागेना. "चाचा, ते ठीक हाये. पण नवा घेतला तर अजून उघडंल का?"

चाचांनी चष्मा कपाळावर नेला. "दाजी, विहिरीवर पाचची मोटर काढून साडेसातची बसवली, अन् पाइप तोच ठेवला दीड इंची. पाणी कितीक जास्त येईल? पाइप म्हणजे तुमचा स्पीकर. अन् पाणी सोडताय ते वावर म्हणजे तुमचा हॉल. वावर नीट नसंल तर मोटरीला कशाला बोल लावता?"

हॉलचा मुद्दा मला तिथल्या तिथं पटला, कारण दाजींचं जुनं घर मी पाहिलेलं आहे. आपल्याकडे धाब्याची घरं असत. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मातीचं माळवद. खालच्या खणात ज्वारीच्या कणग्या, कोपऱ्यात गव्हाची पोती, आडव्या वळणीवर घरादाराच्या गोधड्या. या घरात दाजींचा तो १९ वॅटचा हजार वॅटवाला डेक वाजायचा. स्पीकर एकच, ८ इंची, आणि तो उपडा घातलेला एका मडक्याच्या तोंडावर. ज्यांनी मडक्यातला स्पीकर ऐकलेला नाही त्यांना मी समजावून सांगू शकणार नाही. मडक्याचं तोंड स्पीकरला बरोबर बसावं लागतं, फट राहिली तर चिंधी किंवा ओली माती लावायची, आणि मग ढोलकीची थाप पडली की मडकं असं घुमतं की पलीकडच्या आळीतली कुत्री उठून बसतात. पोकळीतली हवा एका ठरावीक सुरावर जोरात डोलते, हे हर्मन हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात शास्त्रशुद्ध मांडलं. आपल्याकडे ते कुंभारवाड्याच्या मदतीनं जमून गेलं. शास्त्राच्या नजरेनं त्यात खोट आहे. मडकं आपल्या आवडीचा एकच सूर मोठा करतं आणि बाकीच्यांना विचारत नाही. पण चारी बाजूंनी माती, धान्य आणि गोधड्या असल्यामुळे आवाज भिंतीला लागून परत यायचा नाही. जो यायचा तो एकदाच यायचा आणि स्वच्छ यायचा.

नव्या बंगल्यात यातलं काही राहिलेलं नाही. वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, समोर काचेची सरकती दारं, मागं काचेचं शोकेस, त्यात कारखान्याच्या वार्षिक सभेत मिळालेली भेटवस्तू. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली की चार ऐकू येतात. या हॉलमध्ये भीमसेन जोशींचा एक 'विठ्ठल' निघतो आणि भिंतींवरून त्यांचेच तीन-चार 'विठ्ठल' मागोमाग येतात. दाजी त्याला 'भव्यता' म्हणतात. चाचांनी फोनवरच औषध सांगितलं होतं. जाड सतरंजी घाला, पुस्तकांचं कपाट ठेवा, मागच्या भिंतीला दोन-तीन गोधड्या टांगा. दाजी तयार होते. ताई नव्हती. "बंगला बांधून त्याच्यात गोधड्या टांगायच्या, तर तमाशाचा तंबूच का नाही ठोकला?"

तेव्हा गोधड्यांचा ठराव नामंजूर झाला आणि अँप्लिफायरचा मंजूर. अँप्लिफायरचं एक आहे, तो दिसायला चांगला असतो.

हा वाद केवळ राहुरी तालुक्यापुरता आहे असं मात्र कुणी समजू नये. अमेरिकेत 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं जानेवारी १९८७ च्या अंकात याच प्रश्नाची तड लावायचं ठरवलं. सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्हवाल्या जोडीपर्यंत अँप्लिफायर गोळा केले, २५ माणसं बसवली, त्यात 'फरक असतो' म्हणणारे आणि 'नसतो' म्हणणारे दोन्ही. कुठला अँप चालू आहे ते न सांगता ओळखायला लावलं. निकाल छापा-काटा उडवल्यावर लागेल तसाच लागला. पुढे रिचर्ड क्लार्क या गाडीच्या ऑडिओतल्या अमेरिकन जाणकारानं पैजच लावली. दोन्ही अँपचे आवाज बरोबरीला आणायचे, कुणालाही फाटेपर्यंत ताणायचं नाही, आणि मग न बघता ओळखून दाखवायचं. ओळखणाऱ्याला १०,००० डॉलर. वर्षानुवर्षं लोक येऊन बसले, ऐकून गेले. डॉलर क्लार्कच्याच घरी राहिले.

यातली कळीची अट आवाज बरोबरीला आणण्याची. दोन अँपमध्ये एक अर्ध्या-एक डेसिबलनं जरी मोठा वाजत असला तरी कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. शोरूमवाल्याला हे पाठ असतं. नवा अँप बहुतेक वेळा बटणाच्या त्याच खुणेवर जुन्यापेक्षा थोडा जोरात वाजतो आणि गिऱ्हाइकाचा आवाज 'उघडतो'.

हे सगळं भाच्यानं कुठंतरी वाचलं आणि दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगाची घोषणा केली. भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यामुळे त्याच्याकडे मल्टिमीटर आहे आणि घरच्यांबद्दल फारसा आदर नाही. नवा अँप आणि मागल्या हंगामातला अँप शेजारी ठेवले, वर सोलापुरी चादर टाकली. पहिल्या फेरीत दोन्हींचे व्हॉल्यूम एकाच खुणेवर. दाजींनी नवा अँप दरवेळी बरोबर ओळखला आणि मिशीवरून हात फिरवला. मग भाच्यानं स्पीकरच्या टोकांना मीटर लावला, एकसुरी शिट्टी वाजवत दोन्हींचे व्होल्ट तंतोतंत सारखे केले आणि नाणं उडवून कुठला लावायचा ते ठरवायला लागला.

दाजींनी डोळे मिटले. पहिल्यांदा म्हणाले, "हा नवा." मग म्हणाले, "थांब, पुन्हा लाव." मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत. भाच्याच्या वहीत फुल्या आणि बरोबरच्या खुणा जवळजवळ सारख्याच पडत होत्या आणि तो माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. शेवटी दाजी उठले, चादर ओढून काढली आणि निकाल दिला.

"दोन्ही बिघडवले. तुझ्या त्या मीटरनं दोन्हींची चव गेली."

या वाक्यापुढे अमेरिकेतली सगळी मासिकं फिकी आहेत. पण मी दाजींच्या बाजूनंही एक सांगतो. फरक कधीच नसतो असं नाही. जुना अँप फाटत असेल, घूं करत असेल, स्पीकर खादाड असेल आणि अँपला तो झेपत नसेल, तर बदलल्यावर फरक पडतो आणि तो शेजाऱ्यालाही कळतो. काही व्हॉल्व्हवाले अँप स्पीकरच्या कलानं आवाजाचा रंग थोडा पालटतात, तेही मोजता येतं. पण धडधाकट, न ताणलेल्या अँपच्या जागी दुसरा धडधाकट, न ताणलेला अँप ठेवला तर बदलतो तो मुख्यत्वे मालक. तो परत कान देऊन ऐकायला लागतो. वर्षभर अभंग चालू ठेवून पेपर वाचणारा माणूस पंखा बंद करून डोळे मिटून बसतो, आणि मग त्याला टाळ सुटा ऐकू येणारच. तो टाळ आधीपासून सुटाच होता.

कानांबद्दल तर घरात बोलायचीच सोय नाही. माणसाच्या कानाचा पल्ला पुस्तकात २० ते २०,००० हर्ट्झ दिलेला असतो. तो कोवळ्या पोराचा. वय वाढलं की वरचे सूर एकेक करून रजा घेतात आणि ज्यानं उमेदीची वर्षं बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर काढली त्याचे जरा लवकरच घेतात. दाजींचा नवा अँप १,००,००० हर्ट्झपर्यंत जातो असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे. त्यातला वरचा बराचसा भाग मळ्यातल्या चिंचेवरच्या वटवाघळांच्या उपयोगाचा आहे. त्यांनी अजून अभिप्राय कळवलेला नाही.

याशिवाय दाजींचा रात्रीचा सिद्धांत आहे. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. दाजी मध्यरात्री उठून मोटर चालू करतात, उसाचं बारं धरतात आणि परत येऊन एक गाणं ऐकतात. त्यांचं म्हणणं, रात्री आवाज जास्त मोकळा येतो, कारण लाइट शुद्ध असते. आमच्या भागात रात्री सगळ्या शिवाराच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज असं बसतं की बल्बमधली तार मोजता येते. लाइटचं शुद्धीकरण यात कुठं होतं ते मला दिसत नाही. रात्री दोन वाजता ताई झोपलेली असते, हे कारण मला जास्त शास्त्रीय वाटतं.

आता या सगळ्या प्रकरणात आमच्या जिल्ह्याचा एक जागतिक वाटा आहे आणि तो खुद्द नगरकरांनाही फारसा ठाऊक नसतो. १९६५ च्या सुमारास लंडनमध्ये 'द हू' नावाच्या रॉक बँडमधला पीट टाउनशेंड हा गिटारवाला जिम मार्शल यांच्या दुकानात गेला आणि म्हणाला, मला याहून मोठा अँप पाहिजे. १०० वॅटचा पाहिजे, आणि खाली १२ इंची आठ स्पीकरांचं एकच कपाट पाहिजे. मार्शलनी करून दिलं. ते इतकं जड झालं की उचलणारी पोरं कावली, म्हणून त्याचे चार-चार स्पीकरांचे दोन तुकडे केले आणि एकावर एक ठेवले. जगभरच्या स्टेजवर गिटारवाल्याच्या मागं दिसणारी ती काळी उतरंड यातून आली. पुढे ३१ मे १९७६ ला लंडनच्या चार्लटन मैदानावर याच बँडनं ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज काढला आणि गिनीज बुकात सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद झाली. आपला डीजेवाला त्या घराण्यातला.

आणि हा पीट टाउनशेंड भक्त कुणाचा? मेहेरबाबांचा. म्हणजे नगरहून दौंड रस्त्यानं निघालं की अरणगावला जे मेहेराबाद लागतं, तिथले मेहेरबाबा. त्यांनी १० जुलै १९२५ ला मेहेराबादला मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला पिंपळगावजवळच्या मेहेराझादला देह ठेवला तोपर्यंत सोडलं नाही. ४३ वर्षांहून अधिक काळ एक शब्द नाही. टाउनशेंडच्या बँडनं १९६९ मध्ये 'टॉमी' ही संगीतिका काढली, तिचा नायक ऐकू न येणारा, न बोलणारा, न दिसणारा मुलगा, आणि त्या रेकॉर्डवर मेहेरबाबांचं नाव आहे. १९७१ मधल्या त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याच्या नावात तर 'बाबा' म्हणजे हेच बाबा. १९७२ मध्ये टाउनशेंड स्वतः अरणगावच्या समाधीवर येऊन गेला. ज्या माणसाला १०० वॅट पुरत नव्हते, तो शून्य वॅटच्या दारात येऊन बसला.

मला यात सर्वांत मौज वाटते ती बाबांच्या सामग्रीची. लोक अँप वाढवत जातात. बाबांचं उलट होतं. आधी बोलणं सोडलं आणि लिहून सांगू लागले. मग लिहिणंही सोडलं आणि इंग्रजी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून सांगू लागले. 'गॉड स्पीक्स' हा जाडजूड ग्रंथ त्या पाटीवरून उतरला. १९५४ मध्ये पाटीही टाकून दिली आणि फक्त हातवारे ठेवले. सामग्री कमी होत गेली आणि ऐकायला येणारे सातासमुद्रापलीकडून वाढत गेले. टाउनशेंडचं काय झालं म्हणाल, तर कानात सतत घूं आणि ऐकू कमी, असं त्यानं स्वतःच जाहीरपणे सांगितलेलं आहे. त्या घूंला चाचांकडेही कंडेन्सर नाही.

हे सगळं मी दाजींना एकदा बैजवार सांगितलं. ते फार लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, बसला घाव. दाजी म्हणाले, "म्हणजे त्यो टाउनशेंडबी आधी अँपच बदलत गेला."

"हो."

"अन् मग अरणगावला पोचला."

"हो, पण..."

"मग बरोबरच चाललंय आपलं."

दाजींचे जुने अँप वाया जात नाहीत. एक मारुतीच्या देवळात काकड्याला आहे, एक भजनी मंडळाकडे आहे. मागल्या हंगामातला, म्हणजे भाच्याच्या प्रयोगात हरला-जिंकला काहीच कळलं नाही तो, गोठ्यात गेला. तिथल्या गड्यानं त्याला आठवडे बाजारातून आणलेला एक माठ जोडला, त्यावर ८ इंची स्पीकर उपडा घातला आणि पहाटे धारा काढताना आकाशवाणी लावायला सुरुवात केली. परवा मी मुक्कामी होतो. पहाटे दाजी मला उठवून गोठ्याकडे घेऊन गेले. गाई रवंथ करत होत्या, गडी बादली घेऊन बसला होता आणि माठातून भजन चाललं होतं.

"दाजी, ह्या अँपनं आवाज लई सुधरला," गडी म्हणाला. "आधीचा तुम्ही दिलेला काय कामाचा नव्हता."

दाजी बोलले नाहीत. गव्हाणीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिले. वर पाचटाचं छप्पर, तिन्ही बाजूंनी कडब्याच्या गंजी, खाली शेणमातीची जमीन. टाळ सुटा होता. मृदंग भरीव होता. मला कुणी विचारलं नव्हतं तरी मीच म्हणालो, "खालची बाजू..."

"कळलं मला," दाजी म्हणाले.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी राहुरीच्या बाजारात आम्ही कुंभारासमोर उभे होतो. दाजींनी ओळीनं सगळ्या माठांना टिचक्या मारल्या, प्रत्येकाला कान लावला, एक निवडून बाजूला ठेवला. कुंभारानं भाव सांगितला. ताईनं पाणी गार राहतं का विचारलं. दाजी अजून टिचक्या मारत होते.

"दाजी, एक घेतला ना तुम्ही?" कुंभार म्हणाला.

"ह्यो डावा झाला," दाजी म्हणाले. "ह्याच्याच सुराचा उजवा दाखव."